वय वेगळे, रोग वेगळा : उतारवयातील दृष्टीविषयी काही विचार

आपल्या मराठीत वाचायच्या चष्म्याला 'चाळिशी' म्हणतात. वयाच्या चाळिसाव्या वर्षाच्या आगेमागे तो लागतो, म्हणून हे नाव पडले. शाळेची पायरी न चढलेल्या आपल्या पूर्वजांनी केवळ निरीक्षणाने शरीरशास्त्रातील एक सत्य या एका शब्दात साठवून ठेवले आहे. परंतु याच मराठीत आणखी एक वाक्य सर्रास ऐकू येते. 'वय झालं, आता कुठलं दिसायचं!' हे वाक्य मात्र शास्त्राला धरून नाही आणि त्याने आजवर किती घरांत अंधार केला असेल याची मोजदाद नाही. वयामुळे डोळ्यांत होणारे बदल कोणते आणि रोगामुळे होणारे कोणते, एवढा एकच भेद वाचकांपुढे स्पष्ट करावा, या हेतूने हा लेख लिहीत आहोत.

आम्ही डॉक्टर नव्हे. कला शाखेची पदवी घेऊन बँकेत कारकुनी करणारी माणसे. तेव्हा येथे जे लिहिले आहे ते वैद्यकशास्त्राने मान्य केलेले सर्वसाधारण ज्ञान होय. कोणाच्या डोळ्याला काय झाले व त्यावर उपाय कोणता, हे नेत्रतज्ज्ञानेच ठरवावयाचे आहे. मात्र बँकेचा काउंटर ही एक प्रकारे डोळे तपासण्याचीच जागा आहे, असे इतक्या वर्षांच्या नोकरीत आमच्या ध्यानात आले. पैसे काढण्याची स्लिप हात लांब करून वाचणारा, पन्नासची नोट शंभरची समजून देणारा, सहीची ओळ सोडून भलतीकडेच सही करणारा, 'साहेब, जरा तुम्हीच भरा' म्हणून स्लिप पुढे सरकवणारा, असे कितीतरी ज्येष्ठ रोज समोर येतात. नोव्हेंबर महिन्यात हयातीचे दाखले देण्यासाठी पेन्शनर मंडळींची रांग लागते, तेव्हा तर हे चित्र एकाच दिवसात पाहायला मिळते. कारण विचारले की बहुतेकांचे उत्तर तेच असते, 'वय झालं.'

आमचे पुनावळे १९९७ साली पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेत समाविष्ट झाले. पवनेकाठच्या शेतांच्या जागी आता उंच इमारती आहेत आणि बायपासवरून रात्रंदिवस गाड्या धावत असतात. गावाचा नकाशा बदलला, पण गावठाणातील व वस्तीतील वडीलधारी माणसे तीच आहेत. उभे आयुष्य शेतात, बांधकामावर वा पिंपरी-भोसरी-चाकणच्या कारखान्यांत घालवलेली ही माणसे आज साठी-सत्तरीत आहेत. त्यांच्या डोळ्यांचा विचार करणे हे आपणा सर्वांचे काम आहे.

डोळा पाहतो कसा?

विद्यार्थ्यांना हे शाळेत शिकवलेले असतेच, तरी थोडी उजळणी करू. डोळ्याच्या अगदी पुढे घड्याळाच्या काचेसारखा एक पारदर्शक पडदा असतो, त्याला पारपटल म्हणतात. त्यामागे रंगीत बुबुळ आणि बुबुळाच्या मधोमध बाहुली. अंधारात बाहुली मोठी होते, उजेडात लहान होते. बाहुलीमागे नेत्रभिंग असते. ते लवचिक असून जवळचे पाहताना फुगते व दूरचे पाहताना चपटे होते. डोळ्याच्या मागील भिंतीवर दृष्टिपटल हा पडदा असतो, त्यावर प्रतिमा उमटते. या पडद्याच्या मध्यावर पीतबिंदू नावाचा एक लहानसा भाग असतो. वाचणे, सुईत दोरा ओवणे, माणसाचा चेहरा ओळखणे ही बारीक कामे या भागावर अवलंबून असतात. दृष्टिपटलावरचा संदेश दृष्टिचेता या मज्जातंतूतून मेंदूकडे जातो. म्हणजे पुढची काच, मधले भिंग, मागचा पडदा आणि मेंदूकडे जाणारी तार, असे चार भाग लक्षात ठेवले की पुढचे सर्व समजण्यास सोपे जाईल.

वयाने होणारे बदल

नेत्रभिंगाची वाढ जन्मभर चालू असते. आत नवेनवे थर चढत जातात, भिंग घट्ट होत जाते आणि त्याची लवचिकता कमी होते. दहा वर्षांच्या मुलाला पुस्तक सात-आठ सेंटिमीटरवर धरूनही वाचता येते. विशीत हे अंतर साधारण १० सेंटिमीटर होते, चाळिशीत २० ते २५ आणि साठीत जवळपास एक मीटरवर जाते. पण आपला हात काही मीटरभर लांब नसतो! म्हणून चष्मा लागतो. पाठ्यपुस्तकात यालाच वृद्धदृष्टिता म्हटले आहे. हा रोग नव्हे. केस पांढरे व्हावेत तसाच हा बदल आहे आणि तो सर्वांना चुकत नाही. ज्यांना लहानपणापासून दूरचा चष्मा आहे त्यांना जवळचे वाचताना तो काढून ठेवावासा वाटतो, एवढाच फरक.

दुसरा बदल उजेडाचा. उतारवयात बाहुली लहान होते, अंधारात ती पूर्वीइतकी उघडत नाही. भिंगही पिवळसर होते. साठीतल्या माणसाच्या दृष्टिपटलापर्यंत विशीतल्या तरुणाच्या मानाने सुमारे एक तृतीयांशच प्रकाश पोहोचतो, असे तज्ज्ञ सांगतात. म्हणजे ज्या दिव्याखाली नातू सहज अभ्यास करतो त्याच दिव्याखाली आजोबांना अक्षर दिसत नाही, यात आजोबांचा हट्ट नसतो. दिवा दुप्पट उजेडाचा लावावा आणि तो डोळ्यांसमोर न ठेवता खांद्यामागून पुस्तकावर पडेल असा ठेवावा. निम्मी तक्रार तेथेच संपते.

तिसरा बदल रंगांचा. पिवळसर भिंगातून पाहिल्यावर निळ्या व जांभळ्या छटांतील फरक मावळतो. गडद निळे काळे वाटते, फिकट पिवळे पांढरे वाटते. याचा अनुभव आम्हाला नोटांवरून आला. २०१७ साली पन्नासची निळी नोट आली आणि २०१८ साली शंभरची फिकट जांभळी. २०१७ चीच दोनशेची नोट पिवळी, तर २०१९ ची वीसची नोट हिरवट पिवळी. तरुणांना या नोटा सहज वेगळ्या ओळखू येतात, पण मंद उजेडात सत्तरीच्या आजींना येत नाहीत. शिवाय आकारातही फार अंतर नाही. पन्नासची नोट १३५ मिलिमीटर लांब, शंभरची १४२, दोनशेची १४६ आणि पाचशेची १५०. मात्र शंभर, दोनशे व पाचशेच्या नोटांच्या दोन्ही कडांना उठावदार तिरप्या रेषा आहेत. शंभरवर चार, दोनशेवर चार व त्यांच्या मध्ये दोन ठिपके, आणि पाचशेवर पाच. बोट फिरवून या रेषा ओळखण्याची सवय घरातील ज्येष्ठांना लावावी. मोबाइलवर नोट ओळखून तिचे मूल्य बोलून सांगणारे 'मनी' नावाचे अ‍ॅपही रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२० मध्ये उपलब्ध करून दिले.

चौथा बदल असा की, उजेडातून अंधारात गेल्यावर डोळे स्थिरावण्यास वेळ लागतो आणि समोरच्या गाडीचा प्रखर दिवा डोळ्यांवर आला की काही क्षण काहीच दिसत नाही. बायपासच्या सेवा रस्त्यावरून संध्याकाळी पायी येणाऱ्या वृद्धांना हा धोका विशेष आहे. पाचवा बदल म्हणजे डोळ्यांपुढे एखाद-दुसरी काळी माशी किंवा धागा तरंगल्यासारखा दिसणे. डोळ्यातील जेलीसारखा द्रव वयाने आक्रसतो, त्याची ती सावली असते. डोळे कोरडे पडून चुरचुरणे हेही वयाबरोबर येते.

हे झाले वयाचे देणे. यात एक खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे. वयाचे बदल हळूहळू होतात, दोन्ही डोळ्यांत साधारण सारखे होतात आणि योग्य चष्मा व भरपूर उजेड मिळाला की माणूस पुन्हा नीट वाचू शकतो. योग्य नंबरचा चष्मा लावूनही दिसत नसेल, एका डोळ्याने दुसऱ्यापेक्षा कमी दिसत असेल, किंवा फरक झपाट्याने पडत असेल, तर ते वय नव्हे. तो रोग आहे असे समजून तपासणी करावी.

आमच्या घरची गोष्ट

हा भेद आम्हाला पुस्तकातून कळण्याआधी घरात कळायला हवा होता. आमचे वडील कारखान्यात मदतनीस म्हणून लागले, तेव्हा त्यांना अक्षरओळख नव्हती. दिवसपाळी संपल्यावर रात्रीच्या वर्गात बसून ते लिहायला शिकले. पगाराच्या कागदावर पहिल्यांदा अंगठ्याऐवजी सही केली तो दिवस ते आजही सांगतात. पुढे निवृत्तीनंतर त्यांची सही ओळ सोडून खाली जाऊ लागली. चहाचा कप टेबलाच्या कडेवर ठेवला जाऊन पडू लागला. दाराची चौकट उजव्या खांद्याला लागू लागली. आम्ही म्हणायचो, 'बाबा, बघून चाला की जरा.' रस्त्यावरच्या टपरीवरून त्यांनी तयार चष्मा घेतला, वर्षभराने दुसरा घेतला. आम्हीही म्हणालो, वय झाले.

एके दिवशी त्यांच्या बँकेत सही नमुन्याशी जुळेना. दोनदा करून पाहिली. काउंटरवरच्या मुलीने अगदी आदराने सुचवले, 'बाबा, अंगठा लावता का?' तिचे काही चुकले नव्हते, तिच्या जागी आम्हीही तेच म्हटले असते. वडील पासबुक खिशात घालून पैसे न काढताच घरी आले. दोन दिवस कोणाशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, 'मी अंगठा लावणार नाही.' तेव्हा कोठे आम्ही त्यांना घेऊन डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. तेथे दोन रोग निघाले, मोतीबिंदू आणि काचबिंदू. नावे सारखी वाटतात, पण या दोहोंत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. ते समजून घेऊ.

मोतीबिंदू : गेलेली दृष्टी परत देणारा रोग

नेत्रभिंग गढूळ होणे म्हणजे मोतीबिंदू. काचेवर वाफ धरावी तसे दिसते, दिव्याभोवती प्रभा दिसते, चष्म्याचा नंबर वारंवार बदलतो. काहींना तर सुरुवातीस चष्म्याशिवाय वाचता येऊ लागते आणि 'डोळे सुधारले' असा आनंद होतो. तोही मोतीबिंदूचाच एक खेळ असतो. फ्रान्सचे विख्यात चित्रकार क्लॉद मोने यांना १९१२ साली मोतीबिंदूचे निदान झाले. पुढील काळातील त्यांच्या चित्रांत तांबूस-तपकिरी रंग वाढत गेले. १९२३ साली त्यांच्या डोळ्यावर शस्त्रक्रिया करण्यात आली.

मोतीबिंदूवर शस्त्रक्रिया हाच उपाय आहे. थेंब, मध, काजळ यांनी तो विरघळत नाही. आपल्याकडे सुश्रुतसंहितेत गढूळ भिंग सुईने बाजूला सारण्याची क्रिया वर्णिलेली आहे. आजची शस्त्रक्रिया अर्थातच निराळी आहे. दुसऱ्या महायुद्धात विमानाच्या प्लॅस्टिकच्या छताचे तुकडे वैमानिकांच्या डोळ्यांत रुतून बसले, तरी डोळ्याने ते झिडकारले नाहीत, हे इंग्लंडचे डॉ. हॅरोल्ड रिडले यांच्या लक्षात आले. त्यावरून त्यांनी नोव्हेंबर १९४९ मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात डोळ्यात कृत्रिम भिंग प्रथम बसवले. १९६७ साली अमेरिकेचे डॉ. चार्ल्स केलमन यांनी ध्वनिलहरींनी भिंग फोडून लहानशा छेदातून काढण्याची पद्धत आणली. १९९२ साली मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाच्या परिवाराने स्वतःचा भिंगांचा कारखाना सुरू केला, त्यामुळे भिंग गरिबाच्या आवाक्यात आले. आपल्या महाराष्ट्रात मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तात्याराव लहाने यांनी मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेचा लाभ खेड्यापाड्यांतील असंख्य रुग्णांना दिला. २००८ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

'मोतीबिंदू पिकू द्या, मग काढू' ही समजूत जुन्या काळच्या शस्त्रक्रियेपुरती खरी होती. आज रोजच्या कामात अडथळा येऊ लागला की शस्त्रक्रिया करता येते. फार पिकू दिल्यास उलट डोळ्यात दाब वाढण्याचा धोका असतो. २०१५ ते २०१९ या काळात झालेल्या राष्ट्रीय पाहणीत पन्नाशीवरील लोकांमध्ये १.९९ टक्के अंधत्व आढळले आणि त्यातील ६६.२ टक्के अंधत्वाचे कारण मोतीबिंदू हे होते. म्हणजे पन्नाशीपुढच्या दर तीन अंधांपैकी दोघे अशा कारणाने अंध होते, ज्यावर आपल्याजवळ उपाय आहे! केंद्र सरकारचा अंधत्व नियंत्रण कार्यक्रम १९७६ पासून चालू आहे आणि शासकीय रुग्णालयांत ही शस्त्रक्रिया मोफत होते. मग ही माणसे अंधारात का राहिली? पैशाची अडचण, भीती, सोबत जायला कोणी नाही, ही कारणे आहेतच. पण त्या सर्वांच्या आधी असते ते 'वय झालं' हे वाक्य.

काचबिंदू : गुपचूप चोरी करणारा रोग

काचबिंदूत बिघाड दृष्टिचेतेत, म्हणजे मेंदूकडे जाणाऱ्या तारेत होतो. डोळ्याच्या आत द्रवाचा एक दाब असतो, तो सामान्यतः १० ते २१ मिलिमीटर असतो. द्रवाचा निचरा नीट झाला नाही की दाब वाढतो आणि दृष्टिचेतेचे धागे हळूहळू मरतात. काहींच्या बाबतीत दाब बेताचा असूनही हे घडते, म्हणून केवळ दाब मोजून भागत नाही, डोळ्याची मागील बाजूही तपासावी लागते. नजर प्रथम बाजूंनी जाते आणि मधली शेवटपर्यंत शाबूत राहते. म्हणूनच रोगी समोरचा तक्ता वाचतो, पासबुकही वाचतो, आणि चौकटीला मात्र धडकतो. दुखत नाही, लाल होत नाही. कळते तेव्हा बरेचसे गेलेले असते आणि गेलेले परत येत नाही.

डॉक्टरांनी आमच्या वडिलांना सांगितले, 'बाबा, मोतीबिंदूनं नेलेलं मी परत देतो. काचबिंदूनं नेलेलं मला परत आणता येणार नाही, पण उरलेलं आपण राखू.' उजव्या डोळ्याने वडिलांना आज नळीतून पाहावे तेवढेच दिसते. डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला आणि तेथला काचबिंदू अजून थोडा होता, म्हणून ती नजर वाचली. महिना-दीड महिन्याने ते नव्या चष्म्यासह बँकेत गेले आणि ओळीवर सही करून पैसे घेऊन आले. घरी सर्वांना आनंद झाला. पण दोन वर्षे आधी गेलो असतो तर उजवा डोळाही राहिला असता, हा सल आमच्या मनातून जात नाही. ती दोन वर्षे रोगाने नेली नाहीत, आमच्या अज्ञानाने नेली.

आई, वडील वा सख्ख्या भावंडांपैकी कोणास काचबिंदू असल्यास आपणास तो होण्याचा संभव कित्येक पटींनी वाढतो. म्हणून आम्ही भावंडे आता दरवर्षी तपासून घेतो. थेंब चालू झाले की ते बहुधा जन्मभर घ्यावे लागतात. 'आता बरं वाटतंय' म्हणून बंद करता येत नाहीत. तसेच डोळे लाल झाले की औषधाच्या दुकानातून कोणतेही थेंब आणून घालू नयेत. त्यांत स्टेरॉइड असल्यास दीर्घकाळ वापराने काचबिंदू व मोतीबिंदू दोन्ही ओढवतात.

औषध सांगितल्याप्रमाणे घेण्याविषयी आपल्या धम्मसाहित्यातही एक मार्मिक कथा आहे. धम्मपदाच्या अट्ठकथेतील पहिलीच कथा चक्खुपाल थेरांची. वैद्याने त्यांना आडवे होऊन औषध घेण्यास सांगितले होते. परंतु आडवे न होण्याचा निश्चय केलेला असल्याने त्यांनी ते बसूनच घेतले आणि त्यांची दृष्टी गेली. थेरांचा निर्धार त्यांच्या साधनेसाठी होता. आपण गृहस्थांनी मात्र हेही लक्षात ठेवावे की, विनयपिटकातील महावग्गात भगवंतांनी डोळ्यांच्या विकारासाठी भिक्खूंना अंजन वापरण्याची अनुज्ञा दिलेली आहे. उपचार करून घेणे यात कमीपणा नाही.

मधुमेह आणि डोळे

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार आपल्या देशात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे. रक्तातील साखर दीर्घकाळ वाढलेली राहिली की दृष्टिपटलातील बारीक रक्तवाहिन्या झिरपू लागतात, बंद पडतात, नव्या नाजूक वाहिन्या फुटून डोळ्यात रक्तस्राव होतो. सुरुवातीस रोग्याला काहीच कळत नाही. म्हणून मधुमेह असलेल्या प्रत्येकाने, नीट दिसत असले तरी, वर्षातून एकदा बाहुली मोठी करून मागचा पडदा तपासून घ्यावा. रात्रपाळी, अवेळी जेवण आणि कँटीनचा गोड चहा यांत अडकलेल्या आपल्या कामगार बांधवांनी हे विशेष ध्यानात घ्यावे. साखर व रक्तदाब आटोक्यात ठेवणे हे पहिले औषध. पुढच्या टप्प्यात लेसर किंवा डोळ्यात द्यावयाची इंजेक्शने असतात.

येथे एका गोष्टीचे स्मरण झाल्याखेरीज राहत नाही. परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना मधुमेह होता. १९५४ साली जून ते ऑक्टोबर हा काळ त्यांना आजारपणात काढावा लागला आणि त्यांची दृष्टीही मंदावली होती. ज्यांनी ग्रंथांसाठी 'राजगृह' बांधले त्या महापुरुषाला वाचनाची अडचण यावी, ही केवढी यातना! तरीही त्याच वर्षी २५ डिसेंबर रोजी, आपल्या पुनावळ्यापासून जवळच असलेल्या देहूरोड येथे, त्यांच्या हस्ते बुद्धमूर्तीची स्थापना झाली. पुढील दोन वर्षांत त्यांनी 'बुद्ध अँड हिज धम्म' हा ग्रंथ पुरा केला. तो १९५७ साली, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर प्रसिद्ध झाला. त्या काळी मधुमेही डोळ्यांवर आजच्यासारखे उपचार नव्हते. लेसर हे साधनच मुळी १९६० साली निर्माण झाले. आज ते जिल्ह्याच्या गावी मिळते. ज्यांनी मंद दृष्टीनेही आपल्यासाठी लिहिले त्यांचे अनुयायी म्हणवणाऱ्यांनी उपलब्ध उपचार न घेता डोळे घालवावेत, हे शोभणारे नाही.

पीतबिंदूचा ऱ्हास

हा साठीनंतरचा आणखी एक रोग. काचबिंदूच्या अगदी उलट यात बाजूची नजर राहते आणि मधली जाते. माणूस घरात वावरतो, पण समोरच्याचा चेहरा ओळखत नाही, अक्षराच्या जागी धूसर डाग दिसतो, सरळ रेषा वाकड्या दिसतात. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांना याचा धोका अधिक. याचा एक प्रकार झपाट्याने वाढतो, मात्र वेळेवर इंजेक्शने दिल्यास पुष्कळ दृष्टी वाचवता येते. दुसरा प्रकार संथ असतो. त्यात भिंगे, मोठी अक्षरे व भरपूर उजेड यांच्या साहाय्याने वाचन चालू ठेवता येते.

आपण काय करावे?

विद्यार्थी मित्रांना आमची पहिली विनंती आहे. दर रविवारी घरातील आजी-आजोबांना नेहमीच्या चष्म्यासह भिंतीवरच्या कॅलेंडरपासून ठरावीक अंतरावर उभे करा. एक डोळा तळहाताने झाकून तारखा वाचायला सांगा, मग दुसरा झाका. एका डोळ्याची नजर गेली तरी दुसरा ती उणीव भरून काढतो आणि घरात कोणालाच पत्ता लागत नाही. म्हणून डोळे वेगवेगळे तपासायचे. त्याचप्रमाणे खिडकीच्या गजांकडे किंवा फरशीच्या रेघांकडे एकेका डोळ्याने पाहायला सांगा. रेषा वाकडी दिसली, तर त्याच आठवड्यात डॉक्टरकडे न्या. या घरगुती पाहणीने रोगाचा संशय येतो, निदान होत नाही. काचबिंदू तर यात सापडतच नाही.

दुसरी गोष्ट, चाळिशी लागली की टपरीवरचा चष्मा घेऊन थांबू नये. चष्मा वाईट नसतो, पण त्यामुळे तपासणी टळते. चाळिशीत एकदा दाब आणि मागच्या पडद्यासह संपूर्ण तपासणी करावी, त्यानंतर डॉक्टर सांगतील तशी, आणि साठीनंतर दरवर्षी. महानगरपालिकेची रुग्णालये, औंधचे जिल्हा रुग्णालय, पुण्याचे ससून रुग्णालय ही आपल्याच करातून उभी असलेली ठिकाणे आहेत. तेथे जाण्यास संकोच कसला?

तिसरी गोष्ट, काही तक्रारींसाठी सकाळची वाट पाहू नये. अचानक दिसेनासे होणे, डोळ्यांपुढे विजा चमकून काळ्या माशांचा वर्षाव होणे, पडदा ओढल्यासारखे वाटणे, डोळा लाल होऊन कपाळ ठणकणे व उलट्या होणे, या खुणा दिसल्या की त्याच घटकेला रुग्णालय गाठावे. डोळ्यात रसायन उडाल्यास प्रथम १५-२० मिनिटे स्वच्छ पाण्याने धुवावे आणि मग निघावे. कारखान्यात ग्राइंडिंग-वेल्डिंग करणाऱ्यांनी गॉगल आणि उसाच्या शेतात पाल्यापासून जपण्यासाठी साधा चष्मा वापरावा.

चौथी गोष्ट, ज्यांची दृष्टी परत येणारच नाही त्यांना घराच्या कोपऱ्यात बसवू नये. २००८ साली रिझर्व्ह बँकेने सर्व बँकांना कळवले आहे की, दृष्टिहीन ग्राहकांना चेकबुक, एटीएम, लॉकर आदी सुविधा इतरांप्रमाणेच द्याव्यात. आपला हक्क माहीत करून घ्यावा व मागावा. घरात पायऱ्यांच्या कडांना पांढरा पट्टा रंगवणे, वस्तूंच्या जागा न बदलणे, वर्तमानपत्र रोज वाचून दाखवणे, एवढे तर कोणालाही करता येईल.

शेवटी नेत्रदानाविषयी दोन शब्द. म्हाताऱ्या डोळ्यातील भिंग गढूळ झाले, मागचा पडदा थकला, तरी पुढची काच म्हणजे पारपटल पुष्कळदा निर्मळच राहते. चष्मा असलेले, मोतीबिंदू काढलेले, मधुमेह असलेले लोकही नेत्रदान करू शकतात. मृत्यूनंतर लगेच नेत्रपेढीला कळवावे, पापण्या मिटून त्यांवर ओला कापूस ठेवावा, पंखा बंद करावा आणि उशीने डोके थोडे उंच करावे. शिबी जातकातील राजाने जिवंतपणी डोळे दिले. आपल्याला तर ते मागे ठेवूनच जायचे आहेत. बौद्ध देश श्रीलंकेत डॉ. हडसन सिल्वा यांनी १९६१ साली नेत्रदान संस्था स्थापन केली आणि १९६४ पासून तो लहानसा देश इतर देशांना पारपटले पाठवू लागला. २५ ऑगस्ट ते ८ सप्टेंबर हा आपल्याकडे नेत्रदान पंधरवडा असतो. यंदा आपल्या वस्तीतून किती अर्ज भरले जातील, याचा विचार प्रत्येकाने करावा.

आमचे वडील आज अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. रात्री नऊ वाजता थेंब घालण्याची आठवण त्यांना करून द्यावी लागत नाही, उलट तेच आम्हाला विचारतात, 'तुमची यंदाची तपासणी झाली का?' वाचक बंधू-भगिनींनो, हाच प्रश्न आम्ही आपल्याला विचारून हा लेख येथे थांबवतो. आपल्या घरात कोणी 'वय झालं' असे म्हणत असेल, तर त्यांना या महिन्यात डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन जा. वय झाले असेल तर चष्मा मिळेल, रोग असेल तर वेळेवर सापडेल.